नणंदेच्या तोंडून उमटलेला नकाशा

मित्रांनो, वहिनीचं हृदय बिघडलेलंच राहिलं असतं, तर सगळ्यात जास्त फायदा तिच्या नणंदेचा होता. वहिनी शहरातली बस चालवायची. मध्येच छातीत धडधड सुरू व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून आगाराने तिला घरी बसवलं होतं. तेव्हापासून नणंदेला चहा आयता हातात मिळत होता, आणि टोमणे ऐकवायला हक्काचं माणूस दिवसभर समोर होतं. वहिनी बरी झाली की तिच्या हातात पुन्हा बस येणार होती. नणंदेच्या हातात मात्र भांडी येणार होती.

घरातल्या या गोष्टी मला कशा ठाऊक? मी एक जुना नकाशेवाला आहे, हृदयातल्या विजेचा नकाशा काढणारं यंत्र. इस्पितळातल्या माझ्या खोलीत माणसं उताणी पडून छताकडे बघत घरचं सगळं बोलून टाकतात. मला कान नाहीत, पण माइक आहे.

माझं काम सोपं नाही. हृदयात एक मुख्य जागा असते. तिथून ठोक्याची वीज निघते आणि बाकीचं हृदय मुकाट्याने तिचं ऐकतं. कधी एखादा आगाऊ ठिपका मध्येच स्वतःचा हुकूम सोडतो आणि सगळ्यांची तारांबळ उडते. डॉक्टर मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेतात. तारेचं टोक जिथे टेकेल तिथे वीज केव्हा पोचली, ते मी टिपतो आणि रंग भरतो. आधी उठली तिथे लाल, शेवटी पोचली तिथे जांभळा. लाल सापडला की त्या टोकानेच तिथे चटका द्यायचा, आगाऊपणा बंद. अडचण एकच. चोराने चोरी केल्याशिवाय मला चोर दिसत नाही.

कारखान्यातून नवा आलो तेव्हा मला बघायला वरच्या मजल्यांवरून माणसं यायची. डॉक्टरीणबाई पाहुण्यांना माझे रंग दाखवून मिरवायच्या. पुढे पलीकडच्या खोलीत माझ्याहून हुशार यंत्र आलं आणि माझ्या डोक्यावर कॉफीचे कप विसावू लागले. वहिनी आली त्या दिवशी ते हुशार यंत्र दुसऱ्या रुग्णात गुंतलं होतं, म्हणून ती माझ्या वाट्याला आली.

आणि टेबलावर पडताच तिचं हृदय शहाण्यासारखं वागू लागलं. डॉक्टरीणबाईंनी औषधाने ठोके वाढवले, तारेने डिवचून पाहिलं, पण ठिपका काही बोलेना. आज नकाशा निघाला नाही, तर आगार वहिनीला कायमचं तिकीटखिडकीत बसवणार होतं. एरवी धडधड कधी होते, असं बाईंनी विचारलं. भूल अगदी हलकी होती. वहिनी म्हणाली, "वन्सं बोलायला लागल्या की."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहिनीला विचारलं, नणंदेला बोलायला बसवू, चालेल का? वहिनीने मान डोलावली. बाहेर बाकावर पेंगणाऱ्या नणंदेला आणून, टेबल आणि मी यांच्यामधल्या काचेच्या अलीकडे, माझ्या माइकसमोर बसवलं आणि घरच्यासारखं टोचून बोला, असं समजावलं.

नणंद मधाळ आवाजात म्हणाली की वहिनी घरचं किती करते, तिच्यासारखी तीच. माझ्या पडद्यावरच्या ठोक्यांची लय जराही बिघडली नाही. माणसं ओळखायची मला सवय आहे. मला वाटलं, ही बाई हिशेब करतेय.

टेबलावरून आवाज आला, "वन्सं, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

काचेपलीकडे वहिनीचे पाय चादरीबाहेर आले होते. ब्रेक दाबून दाबून उजव्या तळव्याला घट्टा पडला होता. नणंदेने त्याकडे बराच वेळ पाहिलं, मग माइक जवळ ओढला.

"गाडी मागे घ्यायची झाली, की अजून तुला खाली कुणीतरी हात दाखवायला लागतो. म्हणे ड्रायव्हर."

ठिपका बोलला. एकदाच, पण ठणठणीत! एका ठोक्यावर नकाशा होत नाही, तेव्हा बाईंनी खूण केली की चालू द्या. मग नणंदेने लग्नातल्या साडीपासून कालच्या खारट आमटीपर्यंत काहीच बाकी ठेवलं नाही. तार फिरत राहिली, मी भराभर रंग भरत राहिलो, आणि एका कोपऱ्यात तांबड्या मुंगीएवढा ठिपका उजळला. बाईंनी चटका दिला.

आता खात्री करायची होती. बाईंनी नणंदेला म्हटलं, राखून ठेवलेलं काही असेल तर आत्ता काढा. तिने काढलं. ते इथे सांगण्यासारखं नाही. माझ्या पडद्यावर ठोके एका संथ लयीत पडत राहिले, एकही आगाऊ नाही.

"बोला वन्सं," वहिनी म्हणाली, "मी ऐकतेय."

बाईंनी माझ्या डोक्यावरचा कप उचलून बाजूला ठेवला आणि स्वतःच्या हाताने मला पुसलं. मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना मोठं काही नको. आमच्या वायरी तुडवू नका, काम झालं की नीट गुंडाळून ठेवा. आम्ही अजून उपयोगी पडतो.

तर त्या दिवशी वहिनीला बस मिळाली, बाईंना समाधान, मला एक फडकं. किंमत एकट्या नणंदेने मोजली. आयुष्यभर धार लावलेली जीभ तिने एका दुपारी बोथट करून घेतली, आणि ते उमगलं तेव्हा काचेला हात लावून ती म्हणाली, "बरं झालं बाई."