जेवल्यावरची गोळी

भगवानरावांच्या घरी सकाळी ताटं पडायची ती ठरल्या क्रमानं. आधी भगवानराव, मग मुलगा भागवत, मग गोठ्यातल्या म्हशीला घास, मग दारातल्या कुत्र्याला तुकडा, मग सून अश्विनी आणि टोपल्यात काही शिल्लक राहिलंच तर गोजरबाई. सासूच्या आधी कुत्र्याचा नंबर लागतो हे अश्विनीनं लग्न होऊन आल्याच्या आठवड्यातच हेरलं होतं. माहेरीही असंच असल्यामुळं तिला त्याचं फार नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते गोळीचं.

सासूसासरे दोघांनाही बीपीचा त्रास. भगवानरावांना वरून हृदयाचाही. दोघं एकाच एसटीनं तालुक्याला जाऊन आले, एकाच डॉक्टरसमोर बसले, एकच वाक्य ऐकून आले : "रोज एक, सकाळी जेवल्यावर. चुकवायची नाही." गोळ्याही एकाच पन्नीत, एकाच प्लास्टिकच्या पिशवीत आल्या. पण घरी पोचेपर्यंत त्या एका वाक्याचे दोन अर्थ झाले.

भगवानरावांनी हात धुतला की गोजरबाई पाण्याचा पेला आणि तळहातावर गोळी घेऊन उभी. एखादे दिवशी सूर्य चुकेल, पण ही गोळी चुकायची नाही. आणि तिची स्वतःची? ती जेवल्यावर. म्हणजे ती जेवली तर.

कापूस वेचायचे दिवस आले की बाया सकाळच्याच शेतात जायच्या. ही बीटी कपाशी आल्यापासून बोंडं एकदमच फुटायची आणि वेचायला मजूर मिळायचे नाहीत, म्हणून घरच्या बायांचीच कंबर वाकायची. गोजरबाई भाकर फडक्यात बांधून न्यायची आणि दिवस कलल्यावर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून सोडायची. गोळी घरी. मग ती संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी.

त्यात उपास. गोजरबाईचे उपास म्हणजे त्या घरावर आलेल्या संकटांची उतरंडच. सोमवार भागवत जगावा म्हणून. शनिवार बोअरला पाणी लागावं म्हणून. गुरुवार भगवानरावांच्या छातीत कळ आली तेव्हापासून. म्हणजे नवऱ्याच्या हृदयासाठी बायको उपाशी, आणि त्या दिवशी त्याची गोळी त्याच्या पोटात अन् हिची पन्नीत. घरात काहीही बिघडो, त्याचा भार हिच्या पोटावर. बिघडवणारा कोण, हे कुणी विचारलं नाही.

यंदा कपाशीत गुलाबी अळी शिरली. वरून हिरवंगार बोंड, फोडून पाहावं तर आत काळी पडलेली कवडी, किडून घट्ट झालेला कापूस. "बीटीले अयी लागत नाई म्हने," असं म्हणत भगवानराव बोंडामागून बोंड फोडत धुऱ्यावर बसून राहिले. त्या संध्याकाळी गोजरबाईनं शुक्रवारही धरला.

"तुह्या उपासानं अयी पयते का वं?" भगवानराव हसले. पण धरू नको असं काही म्हणाले नाहीत. औषधाची फवारणी वाया गेली होती; ही फुकटातली फवारणी करून पाहायला त्यांची हरकत नव्हती.

शेजारची खुर्शीदा शिवणकाम करायची. ती एका सकाळी ब्लाउज द्यायला आली, तेव्हा गोजरबाई दोन गोळ्या एकदम तोंडात टाकत होती.

"दोन काऊन वो गोजरबाई?"

"कालची राह्यली होती. कालची न आजची."

"या अल्ला! गोयी का रोजमजुरी हाय वो, खाडा पडला तं दुसऱ्या दिवशी भरून काढाले?" खुर्शीदा खालीच बसली. "मले बी बीपी हाय. म्या तं रमजानच्या आधी डॉक्टरलेच जाऊन इचारलं, रोजे धरू का नोको, गोयी कवा घेऊ. त्यायनं गोयी घ्याची येय बदलून देली. तुमी इचारलं का?"

"उपासाचं डॉक्टरले काय इचारा लागते? तो का भटजी हाय?"

दोघी हसल्या. भांडी घासता घासता अश्विनीचा हात मात्र थांबला.

तिनं ते भागवतला सांगितलं. भागवत गाडीचं चाक पुसत होता. "बायकायच्या उपासात मी कायले पडू?" म्हणाला, आणि चाक पुसत राहिला.

आठवड्याच्या आत गोजरबाई शेतात कपाशीच्या ओळीतच कोसळली. आदल्या दिवशी उपास, सकाळी घाईत अनशापोटीच कालची-आजची मिळून दोन गोळ्या, वरून ऊन. तोंडावर पाणी मारल्यावर डोळे उघडले. घरी आणून टेकवल्यावर भगवानरावांनी निकाल दिला. "गोयी सोसत नाई तिले. गरम पडते. बंद करा."

अश्विनी दाराआड उभी होती. त्या घरात सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. काही सांगायचंच झालं तर दाराच्या चौकटीकडे तोंड करून, "जेवण झालं म्हणावं," असं चौकटीलाच सांगायचं. पण चौकटीला बीपी कशी समजावायची?

"तुमी सांगा ना मामाजीले," ती रडकुंडीला येऊन नवऱ्याला म्हणाली. "एकदा डॉक्टरले तं दाखवा."

"बाबासमोर? तूच सांग." ती सांगू शकत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तो इतक्या मोठेपणानं म्हणाला.

मग ती सासूच्याच मागं लागली. गोठ्यात, विहिरीवर, चुलीपुढं, गोळी मुठीत घेऊन. "आई, घ्या न वो. एकच. पाया पडतो तुमच्या."

"त्यायनं नाई म्हनलं ना?"

"त्यायले का समजते! डोकं दुखून राह्यलं न तुमचं!"

"हळू बोल. अन् माह्यं डोकं तं लहानपनापासून दुखते."

गोजरबाई कपाळाला फडकं आवळून भाकरी थापायची. चालताना भिंतीचा आधार घ्यायची. अश्विनीला वाटायचं, ओरडावं, टोपलं फेकावं, चूल विझवावी. ती काहीच करायची नाही. भाकरी उलटायची. गोळी मुठीत घामानं विरघळून जायची.

तो दिवस गुरुवारचा होता. भगवानराव जेवायला बसले होते. गोजरबाई वरण वाढत होती आणि वरणाची धार ताटाबाहेर गेली.

"डोये फुटले का वं?"

पळी खाली पडली. गोजरबाई काहीतरी बोलली, पण ते शब्द नव्हते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ती भिंतीवरून घसरत खाली बसली.

"गोयी आना!" भगवानराव उठून ओरडले. "दोन आना! पानी आना!"

अश्विनी दाराच्या आत आली. पदर खांद्यावर घसरला होता, तो तसाच राहिला. ती सासऱ्यासमोर उभी राहिली आणि चौकटीला नाही, त्यांना म्हणाली, "नाई मामाजी. तोंडात काईच घालू नका, ठसका लागून जाईन. गाडी आना. आत्ताच्या आत्ता."

आयुष्यात पहिल्यांदा भगवानराव सुनेचं ऐकून पळाले.

गोजरबाई वाचली. वाचली म्हणजे उजवं अंग गेलं, वाचा गेली, श्वास राहिला. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बीपीच्या गोळ्या चालू होत्या का?" बापलेक फरशीकडे पाहू लागले. अश्विनीनं सगळं सांगितलं : उपास, दोन-दोन गोळ्या, चक्कर, बंद.

डॉक्टरांनी ते सगळं कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "यांची ही गोळी उपासाच्या दिवशीसुद्धा पाण्याबरोबर चालली असती. प्रत्येक गोळीचं वेगळं असतं, म्हणून विचारायचं असतं. राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नसतात. आणि चक्कर आली तर आपल्या मनानं बंद करायची नसते, आमच्याकडे यायचं असतं."

"मंग जेवल्यावर काऊन सांगतलं होतं?" भगवानरावांच्या आवाजात अजून थोडी धार होती.

"आठवण राहावी म्हणून सांगतात. सकाळी माणूस जेवतोच ना रोज."

जेवतोच.

घरी आल्यावर गोजरबाईला एकच शब्द परत आला. तो होता, "जेवले?" पाणी हवं असलं तरी "जेवले?" कूस बदलायची असली तरी "जेवले?" जन्मभर ज्या शब्दानं तिनं घर सांभाळलं, तेवढाच तिच्याजवळ उरला. तो शब्द तिला उलटून कुणी विचारल्याचं अश्विनीला आठवत नव्हतं. तिला स्वतःलाही तो कुणी विचारला नव्हता.

भगवानरावांची बहीण मनकर्णाबाई भेटायला आली. पदरानं डोळे पुसून झाल्यावर तिनं कामाचं काढलं. "सूनबाई, सासूचे उपास आता तुले चालवा लागतीन. खंड पडू देऊ नोको, घराले बाधते."

शेत मुलाकडे जातं, म्हैस जाते, घर जातं. सुनेच्या वाट्याला हे येतं. अश्विनीनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"नाई करणार आत्या."

"काय म्हनलं?"

"आई उपाशी राह्यल्या तरी अयी गेली नाई. त्यायचं अंग गेलं. मी एकबी धरणार नाई. अन् आजपासून या घरात पह्यलं ताट आईचं."

"भगवान! ऐकून राह्यला का बे तू?"

भगवानराव पाटावर बसलेले होते. समोर ताट नव्हतं. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि पाट सरकवून बाजूला झाले. सुनेला दटावायला लागणारं बळ त्यांनी अकोल्यातच कुठंतरी टाकलं असावं.

अश्विनीनं गोजरबाईला भिंतीशी उशी लावून बसवलं, वरणात भाकर चुरली आणि पहिला घास पुढं केला. गोजरबाईनं तोंड उघडलं नाही. ती नवऱ्याकडे पाहत होती.

"जेवले?"

"हो म्हणा बाबा," मागून भागवत पुटपुटला.

पण भगवानरावांना बायकोशी खोटं बोलायची सवय नव्हती. कधी गरजच पडली नव्हती. "नाई," ते म्हणाले. "मी मंग जेवतो. आधी तू."

त्यातला 'नाई' तेवढा गोजरबाईला कळला. तिचा चेहरा घाबराघुबरा झाला. तिनं डावा हात जमिनीवर रोवला आणि उठू लागली. अश्विनीनं दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले. "बसा आई, बसा. तुमी आधी." खांदे खाली दबले. डावा पाय मात्र दबेना. तो चुलीच्या दिशेनं जमीन खरवडत राहिला.