पहिल्या धड्याचं उत्तर शून्य

दुपारचे सव्वातीन. सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, डिसेंबरमधला शनिवार. साताऱ्यातल्या एका कॉलेजची संगणकांची खोली. चपला बाहेर काढलेल्या, खिडक्यांना जाड पडदे, दहा संगणक आणि दहाही पडद्यांवर एकच फोटो. त्या वेळी त्या खोलीतल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनी मिळून एका बाईचा आजार पुसून टाकला. 

मी तो फोटो बोलतोय.

दिसायला मी देखणा आहे. सगळीकडे निळा रंग आणि त्यावर बारीक बारीक लाल काड्या. पहिल्यांदा बघणारा 'वा' म्हणतो. मला मात्र त्या 'वा'ची लाज वाटते. कारण मी कुठल्या बागेचा नाही की आभाळाचा नाही. मी एका बाईच्या छातीतून आलेला बेडका आहे. काचेवर पसरलेला, रंगवलेला, भिंगाखाली मोठा केलेला. आणि त्या लाल काड्या म्हणजे क्षयाचे जंतू.

माझा जन्म सांगलीतल्या एका खाजगी लॅबमधला. कुंडलची राहीबाई सकाळच्या एसटीनं आली, डबीत थुंकी देऊन बाकड्यावर बसून राहिली. दोन महिने खोकत होती. गावातल्या बालवाडीत खिचडी शिजवायची, पोरांना मांडीवर घेऊन भरवायची. संध्याकाळी तिच्या हातात टाइप केलेला रिपोर्ट पडला. जंतू आढळले नाहीत.

आता सांगतो ते नीट ऐका, कारण याला दुसरा साक्षीदार नाही. तो रिपोर्ट टाइप झाला तेव्हा माझी काच भिंगाखाली गेलीच नव्हती. रंगवून वाळत पडली होती. भिंगाखाली ती दुसऱ्या दिवशी गेली, तीही तपासायला नव्हे, फोटो काढायला.

फोटो मागितले होते चिंतामण सरांनी. साताऱ्यातल्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. त्यांना रोगाचे चार फोटो हवे होते आणि एक निरोगी. निरोगी म्हणून लॅबच्या डॉक्टरांनी राहीबाईची काच उचलली. रिपोर्टच तसा होता. फोटो काढणाऱ्यानं उजेड बघितला, चौकट बघितली आणि बटण दाबलं. पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं: राहीबाई, कुंडल, निरोगी.

सरांविषयी वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. माणूस तळमळीचा. परदेशातल्या मित्रानं त्यांना फोटोतल्या गोष्टी मोजणारं एक सॉफ्टवेअर धाडलं होतं, फुकट वाटायचं. ठिपके मोजा, पेशी मोजा, पानावरचे डाग मोजा. सर सगळ्यांना कौतुकानं सांगत, "याचं पोट उघडं आहे बरं का! आतला एकेक शब्द कुणीही वाचावा, बदलावा, चूक दिसली तर ओरडून सांगावी." पण त्याची माहिती सगळी इंग्रजीत. म्हणून सर रोज कॉलेज सुटल्यावर मराठीत धडे लिहू लागले.

एकच पुस्तिका सगळ्यांना चालणार नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून तीन केल्या. डॉक्टरांच्या पुस्तिकेत कारणमीमांसा. लॅबमधल्या तंत्रज्ञांच्या पुस्तिकेत नुसत्या पायऱ्या, हे दाबा, ते सरकवा. विद्यार्थ्यांच्या पुस्तिकेत प्रश्न आणि गुण. डॉक्टरांना 'आपण', तंत्रज्ञांना 'तुम्ही', विद्यार्थ्यांना 'तू'. मान तीन तऱ्हेचा, पण पहिला धडा तिघांचा सारखाच. तो धडा मी.

सरांनी मला स्कॅन करून पहिल्यांदा मोजलं तेव्हा आकडा एकतीस आला. सर थबकले. मी मनात म्हटलं, सुटलो! बघितलं यांनी! सरांनी मला उलटलं, पाठ वाचली. निरोगी. मग ते स्वतःशीच "रंगाचा कचरा असणार" म्हणाले.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी आहे. किती लाल असलं म्हणजे लाल धरायचं, हे ती ठरवते. सरांनी पट्टी उजवीकडे सरकवली. एकवीस. अजून थोडी. सहा. अजून. शून्य. पट्टी जिथं थांबली ती जागा त्यांनी तिन्ही पुस्तिकांत लिहिली आणि खाली ठळक छापलं: 'उत्तर शून्य. ठिपके दिसत असतील तर पट्टी उजवीकडे न्या.'

यात सरांचं एकट्याचं काय? आपल्याकडे प्रॅक्टिकलला मुलं आधी शेजाऱ्याला उत्तर विचारतात आणि रीडिंग मागून लिहितात. मास्तरांना ते ठाऊक असतं, परीक्षकांना ठाऊक असतं, पुढे तीच मुलं मास्तर होतात. उत्तर बरोबर आलं की काच काय म्हणते ते कोण विचारतो?

तर तो शनिवार. सरांच्या वर्गाला कॉलेजचे विद्यार्थी आणि जिल्ह्यातले तंत्रज्ञ बसले होते. फाइलला सरांनी माझ्या पाठीवरचंच नाव दिलं होतं, त्यामुळे पडद्याच्या वरच्या कडेला 'राहीबाई' झळकत होतं. पोरांना तेवढं पुरलं.

"काय गड्या, गेली का तुझी राहीबाई?"

"न्हाई रं. तीन ठिपके हटंनात. लय चिवट हाय बाई."

"सरकीव की पट्टी! माझी कवाच शून्य झाली."

खोली हसली. सरही हसले. नाथाजी तेवढे हसले नाहीत. म्हसवडकडच्या एका दवाखान्यात ते थुंकी तपासायचे. त्यांनी हात वर केला.

"सर, आमच्याकडं असं दिसलं की आमी जंतू हायेत म्हनून लिवतो."

"तो रंगाचा कचरा आहे, नाथाजी. नमुना निरोगी आहे. पट्टी सरकवा."

नाथाजींनी पडद्याकडे पाहिलं. रोज बघणारा माणूस. त्यांना कचरा आणि जंतू यातला फरक कळत नव्हता असं नाही. त्यांनी पट्टी सरकवली, शून्य आणलं आणि वहीत टिक केली. सर मोठे, पुस्तिका छापील. ज्या सॉफ्टवेअरचं पोट उघडं म्हणून इतकं कौतुक, ते शिकवणाऱ्या खोलीत तोंडं मात्र बंद.

नाथाजींच्या शेजारी पूजा बसली होती. बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, गाव कुंडल. तिनं विचारलं, "सर, ही राहीबाई कुठली?"

सरांनी टेबलावरचा माझा कागद उलटला. "कुंडल."

पूजाचा हात माउसवरून खाली आला. "सर, आमच्या गल्लीत आहे ती. अजून खोकते. रिपोर्ट चांगला आला म्हणून सगळ्यांना दाखवत होती. बालवाडीत जाते रोज."

सर उठले, कॉलेजसमोरच्या एसटीडी बूथवर गेले, सांगलीला फोन केला. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. "डॉक्टर म्हणतात, रंगाचे डाग आहेत. रिपोर्ट बरोबर आहे." मग म्हणाले, "पण नाव ठेवायला नको होतं. चूक झाली." आणि त्यांनी दहाही संगणकांवर माझं नाव बदललं. राहीबाई पुसलं, 'नमुना एक' लिहिलं. शून्य तसंच राहिलं.

मला त्या क्षणी माझ्याच रंगांची शरम वाटली. डोळ्यांसमोर उघडा पडलेलो असूनही मी कुणाला काही सांगू शकत नव्हतो, आणि त्या बाईचं जेवढं माझ्यापाशी होतं तेवढंही त्यांनी काढून घेतलं.

पुढच्या शनिवारी पूजा राहीबाईलाच घेऊन आली. धुवट नऊवारी, पदर तोंडावर. दारात चपला काढताना खोकल्याची ढास लागली, तशी पुढच्या बाकावरची दोघं मागं सरकली. सरांनी तिला खुर्ची दिली आणि मला उघडलं.

"ह्यो माझा खोकला व्हय?" राहीबाई पुढं वाकली. "आन् लाल काय हाय त्ये?"

खोलीत पंचवीस माणसं होती. नाथाजी खाली मान घालून म्हणाले, "जंतू हायेत, मावशी."

"मंग कागदावर न्हाईत म्हनून कुनी लिवलं?"

"त्याचं असं आहे," सर गडबडीनं म्हणाले, "पट्टी इथं ठेवली की..." आणि सवयीनं त्यांचा हात सरकला. लाल काड्या विझत गेल्या. उरलं नुसतं निळं.

राहीबाईनं पडद्याकडं पाहिलं, मग सरांकडं.

"गेलं की! येवढ्यावर जातंय? मंग मी उगंच खोकत बसले म्हनायची."

मागं कोणीतरी हसलं. सरांनी माउस सोडला.  साठीला आलेला माणूस पोरांदेखत रडला. मग त्यांनी पहिला धडा जेवढ्या पुस्तिका हाताशी होत्या त्या सगळ्यांतून फाडला. डॉक्टरांना टपालानं गेलेल्या पुस्तिका मात्र परत आल्या नाहीत. एकाही डॉक्टरनं 'हे जंतू आहेत' असं कळवलं नव्हतं.

सोमवारी राहीबाईची थुंकी सरकारी दवाखान्यात तपासली. जंतू भरपूर. औषध सुरू झालं. बालवाडीतल्या दोन पोरांनाही सुरू झालं. त्यातली अबोली अडीच वर्षांची.

सर मला फ्लॉपीत घालून सांगलीला गेले. लॅबच्या डॉक्टरांनी चहा मागवला आणि विचारलं, "हा फोटो त्याच काचेचा कशावरून?" काच धुऊन दुसऱ्याला वापरली होती. सर चहा तसाच टाकून उठले. त्यानंतर त्यांनी धडे लिहिले नाहीत. याचं मला वाईट वाटतं. रागही येतो. लिहायला हवे होते, माझ्यापासून सुरुवात करून, एकतीस आकडा छापून.

आता मी त्याच फ्लॉपीत आहे, सरांच्या कपाटात. माझं एकच मागणं आहे. मला पुन्हा उघडा, आणि उत्तर ठाऊक नसल्यासारखे बघा. पट्टीला हात लावायच्या आधी बघा.

आणि एवढंही लिहून घ्या. राहीबाई आली त्या दिवशी त्या लॅबमध्ये आणखी सात जणांच्या डब्या आल्या होत्या. त्यांच्या काचा माझ्या काचेशेजारी वाळत होत्या. त्यातली एकही भिंगाखाली गेली नाही, आणि सातही जण त्याच संध्याकाळी तोच एका ओळीचा रिपोर्ट घेऊन आपापल्या गावी गेले. त्यांना परत बोलवायला आजपर्यंत कुणीही गेलेलं नाही.