उसना वरवंटा

या, असे पुढे सरकून बसा. पायांवर शाल घ्या, थंडी आहे. पूर्वरंग लांबवत नाही, थेट आख्यानालाच हात घालू. गोष्ट दगडाची आहे, पण देवाच्या कृपेने जड नाही.

उर्वीने पाळण्याखालून दोन्ही हात पुढे केले आणि समोरून तिच्या आईने कुंची घातलेला वरवंटा त्यांत ठेवला. तेलाने चिंब, वर हळदीकुंकू. बोटे मिटली मात्र, उर्वीने दगड ओळखला. या दगडाच्या कडेला अंगठ्याजवळ एक उथळ खळगा होता. तो तिने शनिवारी हातमोजे घालून मोजला होता.

कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातल्या त्या घरात तिच्या भावाच्या, अवधूतच्या मुलीचे बारसे चालले होते. बाळाला पाळण्यात घालण्याआधी तेल लावलेला वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात. लेकरू दगडासारखे टणक व्हावे म्हणून. घरात मिक्सर दोन होते, वरवंटा एकही नव्हता. म्हणून पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या इरावतीबाईंनी गुरुवारीच लेकीला फोन केला होता, "येताना एक दगड आण गं, लांबट, हातात मावेल असा. तुझ्या लॅबमध्ये दगडांना काय तोटा!" उर्वी लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत "हो हो, आणते" म्हणाली होती आणि साफ विसरली होती.

तरीही तिच्या बॅगेत इरावतीबाईंना दगड सापडला आणि त्यांनी तो परस्पर तेल लावून सजवला. तो साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा होता. तुर्कस्तानातल्या एका खेड्यात, माणसे शेती करून एका जागी स्थिरावत होती तेव्हा, कुणीतरी त्याने धान्य रगडले होते. त्या खेड्याभोवती सगळी चुनखडी. रगडायला घेतली की पिठात कच उतरायची. हा मात्र काळा, ज्वालामुखीतला दगड. तो आणला कुठून आणि त्याने रगडले काय, हे दोन प्रश्न म्हणजे उर्वीची पीएचडी. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या छिद्रांत अडकलेल्या पिठाच्या कणांत होते, म्हणून तो सापडल्यापासून कुणी धुतलासुद्धा नव्हता. सिडनीच्या एका संग्रहालयाकडून तिने असे चौदा दगड सही करून उसने घेतले होते; हा त्यांतला शेवटचा, शनिवारी घेतलेला. कॅनबेराची बस उशिरा पोचली, लॅब बंद. म्हणून सोमवारपर्यंत तो तिच्या बॅगेतच राहिला.

"अगं आत्याबाई, घे ना वरून!" वहिनी, यामिनी, हसत म्हणाली.

"हिचं लक्ष कुठंय बघा," अवधूत म्हणाला. "ठरवलेलं नाव तरी आठवतंय ना?"

सगळे हसले. इरावतीबाईंचे मात्र डोळे भरले होते.

"किती बरोबर आणलास गं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, आणशील कुठलातरी बागेतला. हा बघ कसा हातात बसतो. नवा कोरा नकोच असतो यासाठी."

उर्वीने तोंड उघडले. आईने कपाळावरचा घाम पदराने टिपला आणि पुन्हा हात पुढे केले. ते हात तेलकट होते, दगडही आतपर्यंत तेल प्यायला होता. उर्वीने तो पाळण्यावरून आईच्या हातात दिला. मग खालून घेतला, वरून दिला. पाच बायकांचे हात लागले. मग बाळ पाळण्यात आले, आत्याने कानात नाव सांगितले, आणि पाठीवर धपाट्यांचा पाऊस पडला. तिच्या गालांवरून पाणी ओघळले तेव्हा कुणीतरी म्हणाले, "हळवीच आहे हो आत्या."

दुपारी ती स्वयंपाकघरात टिश्यूने दगड टिपत बसली होती. इरावतीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"परत द्यायचाय का?"

"हो. उसना आहे."

"कुणाचा?"

उर्वीचा हात थांबला. "एका बाईचा," ती म्हणाली.

"इथलीच?"

"नाही. फार लांबची."

"मग रिकाम्या हाताने देऊ नकोस. आणि सांग तिला, लेकरासाठी उपयोगी पडला म्हणावं." त्यांनी डबा शोधला, घुगऱ्या भरल्या, झाकण दोनदा दाबून पाहिले.

सोमवारी सकाळी उर्वीने दगड आणि डबा दोन्ही रुडॉल्फच्या टेबलावर ठेवले. रुडॉल्फ तिचा गाइड. मूळचा वसईचा, वीस वर्षे कॅनबेरात. रागावला किंवा भूक लागली की मराठीत बोलायचा. तिने सगळे सांगून टाकले. त्याने दगड भिंगाखाली धरला.

"तेल कुठलं?"

"खोबरेल."

"हातमोजे?"

"पाच बायका होत्या, रुडॉल्फ."

त्याने भिंग खाली ठेवले. "पिठाचे कण गेले. आता म्युझियमला नारळाशिवाय काही सापडणार नाही. चौदाही दगड परत मागवतील, माहितीये ना? तुझा अर्धा थीसिस."

"हो."

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. पण म्युझियमला सगळं लिहायचं. 'चुकून हात लागला' असलं गुळमुळीत काही नको."

दगडाची मूळ घडण मात्र तेलाने बदलत नाही. वरचे तेल पुसून दोघांनी तो एक्स-रे यंत्राखाली ठेवला. अर्ध्या तासाने आकडे जुळले: खेड्यापासून शंभर किलोमीटर दूरच्या थंड झालेल्या ज्वालामुखीचा दगड. पायी चार दिवस. वाटेत नदी.

"एवढं ओझं," रुडॉल्फ म्हणाला. "का, तर पिठात कच नको."

त्याने डबा उघडला, चमचाभर घुगऱ्या तोंडात टाकल्या.

"हरभरा?"

"आणि गहू."

तो चावायचा थांबला. "त्या खेड्याच्या चुलींत कुठलं धान्य सापडलंय गं?"

"हेच," उर्वी म्हणाली.

यंत्राचा पंखा फिरत होता. रुडॉल्फने डबा तिच्याकडे सरकवला. दोघांनी मिळून तो संपवला.

मग उर्वी संग्रहालयाचा फॉर्म भरायला बसली. 'नुकसान' या रकान्यात तिने सगळे लिहिले, 'चूक माझी' असेही लिहिले. त्याखाली 'वापर' हा रकाना होता. तिथे आधीच कुणीतरी लिहून ठेवले होते: धान्य रगडणे, सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वी. उर्वीने जरा विचार केला आणि खाली दुसरी ओळ जोडली: बारसे, गुंगालिन, काल, रविवारी. बाळाचे नाव मैथिली.

रुडॉल्फने वाचले. त्याचा पेन त्या ओळीपाशी बराच वेळ टेकला होता. मग त्याने काही न खोडता खाली सही केली.

संग्रहालयाचे उत्तर अजून आलेले नाही, तेव्हा ते विचारू नका. दगड उसना देणारी ती बाई कोण, काळी का गोरी, तिचे नाव काय, हे कुठल्याच यंत्रात उमटत नाही. चार दिवस चालली, ओझे वाहिले, घरच्यांच्या दाताखाली खडा येऊ दिला नाही. आज रात्री देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांची नावे घ्याल. त्यांच्यात एक जागा मोकळी ठेवा आणि तिची आठवण काढा.