नवव्या मजल्यावरची फळी

"नवव्या मजल्यावर एक फळी जास्त आहे," निबाल्दो म्हणाला, आणि यास्ना ओयार्सूनच्या हातातला 'माते' या कडवट चहाचा प्याला तोंडापाशीच थांबला.

"जास्त म्हणजे?"

"जास्त म्हणजे जास्त. खड्ड्याच्या मधोमध फळी नाहीच मुळी. तिथं एक लांब उडी आहे. आमच्याकडच्या सगळ्या कॅसेटी बघितल्या मी."

"मग तुमच्याकडच्या सगळ्या सडक्या असतील."

"किंवा तुमच्या बेटावरचा पाऊस तुझ्या कॅसेटमध्ये शिरला असेल," निबाल्दो म्हणाला, आणि पडद्यावरच्या चौकटींमधले बाकीचे तिघं हसले. यास्ना हसली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांसाठी मसूर शिजवणारी बाई ती, तिच्या मसुराला नावं ठेवलेली तिनं एक वेळ ऐकून घेतली असती. पण नववा मजला म्हणजे गंमत नव्हती.

दर शनिवारी दुपारी ही पाच माणसं कॉम्प्युटरवर जमत. निबाल्दो मुख्य भूमीवर, कोन्सेप्सिओनला, लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, ग्रासिएला मोन्तेविदेओत दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती, उरलेले दोघे पेरूचे. प्रत्यक्षात कुणीच कुणाला भेटलेलं नव्हतं. त्यांना बांधून ठेवलं होतं ते 'घंटेवाल्या'नं. लहानपणी अटारी नावाच्या कॉम्प्युटरवर, कॅसेट लावून खेळलेला हा खेळ. उंच मनोरा, त्याचे बारा मजले, प्रत्येक मजल्याच्या शेवटी एक घंटा, आणि ती वाजवायला धावणारा टोपीवाला ठेंगू घंटेवाला. खेळ काढणारी कंपनी कधीच बंद पडली होती, मूळ कागदपत्रं कुणाकडे नव्हती. म्हणून या पाचांनी ठरवलं, की आपणच तो आजच्या मशीनवर पुन्हा उभा करायचा. जुनी अटारी लावायची, पडद्याकडे बघायचं आणि एकेक चौकोन जसाच्या तसा नव्या खेळात बसवायचा. मजले वाटून घेतले होते. सगळ्यात अवघड नववा, तो यास्नानं हट्टानं मागून घेतला होता.

नियम दोनच होते. जे मुळात होतं तेच ठेवायचं, चुकीसकट. आणि ज्यानं मजला बांधला, त्यानं तो स्वतः चढून घंटा वाजवायची आणि त्याचं चित्रण पाठवायचं. बांधणाऱ्यालाच चढता आला नाही तर तो मजला खरा नाही, असं त्यांचं म्हणणं. यास्नानं तिचं चित्रण केव्हाच पाठवलं होतं, आणि त्यात फळी होती.

आठवडाभर ती पेटलेलीच होती. कास्त्रोमध्ये, म्हणजे तिच्या गावात, तिच्या वयाच्या ज्या कुणी लहानपणी अटारी खेळली असेल त्याला तिनं गाठून विचारलं. शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, फळी होती. कोपऱ्यावरचा औषधवाला बाल्दोविनो म्हणाला, "होती म्हणजे काय, त्या फळीवर उभं राहून मी नाक पुसायचो." तिनं हे सगळं खेळाच्या मंडळींच्या चर्चेच्या पानावर टाकलं, आणि तिचं अर्धं चिलोए बेट तिथं येऊन भांडायला लागलं. बेटावरचे म्हणत फळी आहे, मुख्य भूमीवरचे म्हणत नाही. कुणीतरी लिहिलं की बेटावरच्या लोकांना चेटकिणी दिसतात, तशी फळीही दिसली असेल. त्याला बाल्दोविनोनं जे उत्तर दिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. यास्नाला मात्र मनातून उकळ्या फुटत होत्या.

मग ग्रासिएलानं, जी फारशी कधी बोलायची नाही, एक साधा प्रश्न विचारला. बेटावरच्या कॅसेटी आल्या कुठून?

यास्ना चौकशीला लागली. बाल्दोविनोला कॅसेट त्याच्या मावसभावानं दिली होती. मावसभावानं ती ड्रायव्हरच्या मोठ्या बहिणीकडून उतरवून घेतली होती. आणि त्या बहिणीला ती मिळाली होती पाण्यावरच्या घरांच्या गल्लीत, ओयार्सूनांकडे. म्हणजे यास्नाच्याच घरी. त्या काळी गल्लीत अटारी एकच होती, आणि कॅसेटी उतरवून द्यायचा यास्नाचा मोठा भाऊ दानिलो.

तिनं कॉम्प्युटर बंद केला. कॅसेट बिघडली तर रंग फिसकटतात, पडदा थिजतो, आवाज चिरका येतो. बिघडलेल्या कॅसेटमधून नेमक्या जागी, नेमक्या रंगाची अख्खी फळी येत नाही. ती कुणीतरी बसवावी लागते.

स्वयंपाकघरात आई मिल्काओच्या भाकऱ्यांसाठी बटाटे किसत होती. एदुविनाबाई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या, पण किसणीला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना चालत नसे. भरतीचं पाणी घराच्या खांबांपर्यंत चढलं होतं आणि लाकडी जमिनीखाली त्याची चुळबुळ ऐकू येत होती.

"आई," यास्ना म्हणाली, "दानीनं त्या खेळात काही केलं होतं का गं?"

आईचा हात थांबला नाही. "केलं होतं की."

"काय?"

"तुझा हात भाजला होता ना, त्या हिवाळ्यात. चुलीच्या पत्र्यावर पडलीस तेव्हा. ही दोन बोटं वाकडी झाली, आणि तू शाळेतसुद्धा हात खिशातून काढायची नाहीस. खेळायला बसलीस की त्या कसल्याशा मजल्यावर पडायचीस आणि रडायचीस. तो हिवाळाभर त्या मशीनपुढे बसला. मला म्हणायचा, आई, आकड्यांत लपलाय तो मजला, मला सापडेना. मग एक दिवस सापडला. म्हणाला, एकच आकडा बदलला आई, एकच. आणि मग ते कॅसेटमध्ये भरायचं म्हणून आम्हा सगळ्यांना दगडासारखं बसवून ठेवलं."

हे बसवून ठेवणं मात्र यास्नाला चांगलं आठवत होतं. लाकडी घर, खांबांवर उभं. कुणी चार पावलं टाकली तरी टेबल हलायचं, कॅसेट अडखळायची आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून कॅसेट चालू झाली की घरात कुणी चालायचं नाही, दार लोटायचं नाही, चुलीत लाकूड घालायचं नाही, हा त्यांच्या घरचा कायदाच होता. बाबा एकदा एक पाय उंबऱ्यात आणि एक बाहेर असे पावसात उभे राहिले होते.

"मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं?"

"काय सांगायचं त्यात?" आईनं आता मान वर केली. "गल्लीतल्या पुलावरची फळी कुजली की ज्याला दिसली तो बदलतो. गावभर सांगत सुटतो का, मी टाकली म्हणून? दुसऱ्या दिवशी माणसं त्यावरून जातात, एवढंच."

यास्नाला एकदम रडू आलं. कारण तो दिवस तिच्या मनात अजून लख्ख होता. गल्लीतली सगळी पोरं खोलीत दाटीवाटीनं बसली होती आणि नवव्या मजल्याची घंटा सगळ्यांत आधी तिनं वाजवली होती, थोराड मुलग्यांच्या आधी. बाल्दोविनोनं तिला खांद्यावर घेऊन पुलावरून मिरवलं होतं, आणि त्या मिरवणुकीत तिनं वाकड्या बोटांचा हात पहिल्यांदा उघड्यावर काढून हलवला होता. तो हात पुन्हा कधी खिशात गेला नाही. आयुष्यात तिनं दुसरं काही जिंकलं नव्हतं, आणि त्याची उणीवही तिला कधी वाटली नव्हती, कारण हे होतं.

"म्हणजे ती घंटा माझी नव्हतीच," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? त्यानं फळी टाकली. पुलावरून तू चाललीस." आईनं किसलेला बटाटा फडक्यात घेऊन पिळला. "आणि आता ऊठ, तळायला चरबी काढून दे."

दानिलोला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. शिंपले काढायला पाण्यात उतरायचा तो. एका सकाळी उतरला आणि वर आला नाही. त्याच्याबद्दल त्या घरात फार बोलत नसत, पण त्या संध्याकाळी मायलेकी मिल्काओ खाता खाता त्याच्याबद्दलच बोलत बसल्या, आणि पोटभर हसल्या.

पुढच्या शनिवारी यास्नानं मंडळींना सगळं सांगून टाकलं. मग निबाल्दोनं घसा खाकरला. तो म्हणाला की असं असेल तर फळी राहू दे, एका फळीनं मनोरा पडत नाही, नियमाला एक अपवाद करू. पेरूचे दोघेही हो म्हणाले. ग्रासिएला तर डोळे पुसत होती.

"नको," यास्ना म्हणाली.

"अगं, पण तुझ्या भावाची आठवण..."

"आठवण माझ्या घरी आहे, बिस्किटाच्या डब्यात, त्याच्या कॅसेटीत. हा खेळ सगळ्यांचा आहे. तो जसा होता तसाच जाईल."

निबाल्दो जरा घुटमळला. मग अडखळत म्हणाला, की फळीशिवाय तो मजला फार अवघड आहे, उडीचं बटण आणि जॉयस्टिकची कांडी एकाच क्षणी दाबावी लागते, त्याला स्वतःला जेमतेम जमतं. तिचा हात... म्हणजे चढून दाखवायचं काम त्यानं केलं तर चालेल ना?

"निबाल्दो, तू लोकांना गाडी शिकवतोस ना? मग परीक्षेला त्यांच्या जागी तू बसतोस का?"

"नाही."

"मग मलाही चालवू दे."

तिनं फळी काढली. काढायला क्षणभरही वेळ लागला नाही, एक चौकोन उचलला आणि खड्डा मोकळा झाला. तो मोकळा खड्डा मात्र तिला बघवेना, म्हणून त्या दिवशी ती खेळलीच नाही.

मग रोज शाळेतून आली की ती बसायला लागली. घंटेवाला धावायचा, उडी मारायचा आणि टोपीसकट खाली जायचा. अंगठ्याशी ती दोन बोटं वेळेवर यायचीच नाहीत. तिनं जॉयस्टिक मांडीवर घेऊन पाहिली, टेबलाच्या कडेला टेकवून पाहिली. बाल्दोविनो मलम घेऊन आला आणि बसून उपदेश करायला लागला, तेव्हा तिनं त्यालाच खेळायला बसवलं. तो सलग इतक्या वेळा पडला की मलम विसरून घरी गेला. हिवाळा निम्मा सरला. इतर सगळे मजले तयार होऊन पडले होते, एकटा नववा अडला होता. निबाल्दो दर शनिवारी हवापाण्याबद्दल विचारायचा आणि त्या विषयाला हात लावायचा नाही, यात त्याचं शहाणपण दिसलं.

शेवटी तिच्या लक्षात आलं की ती अजून दोन छोट्या उड्यांचा खेळ खेळते आहे. डोळे खड्ड्याच्या मधोमध फळी शोधतात, आणि हात तिथं थांबायला बघतो. तिनं मधे बघणंच सोडलं. पलीकडच्या काठावर नजर ठेवली, बटण उजव्या हाताऐवजी डाव्याकडे दिलं आणि वाकड्या बोटांच्या बेचक्यात कांडी धरली. दाबायला ती बोटं निरुपयोगी होती, पण धरून ठेवायला पक्की होती.

तो रविवार होता. आई चुलीपाशी होती, बाहेर पाऊस. यास्नानं चित्रण सुरू केलं आणि घंटेवाला धावत सुटला. शिड्या झाल्या, फिरतं चाक झालं, वटवाघळं झाली. खड्ड्याच्या काठावर तिनं त्याला एक क्षण उभा केला. खेळात त्याची काही गरज नव्हती, तिला तसं करावंसं वाटलं. मग उडी मारली.

घंटा वाजली. तीच चिरकी, पत्र्याची घंटा.

यास्ना ओरडली नाही. ती वळली आणि तिनं आईकडे पाहिलं. एदुविनाबाई चुलीचं दार उघडून, हातात लाकूड घेऊन, वाकलेल्या तशाच थिजून उभ्या होत्या. कॅसेटचे दिवस केव्हाच संपले होते, आता घर नाचलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"झालं?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"झालं, आई."

तेव्हा कुठं त्यांनी लाकूड चुलीत घातलं आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "कुणी मदत केली?"

"कुणी नाही."

"हं," आई म्हणाली. त्या 'हं'मध्ये जो अभिमान होता, तो यास्ना पुढे कितीतरी दिवस अंगावर घेऊन हिंडली. शाळेत मसूर वाढताना एका शिक्षिकेनं विचारलंसुद्धा, मावशी, आज काय विशेष? यास्नानं तिला एक पळी जास्त वाढली.

वसंतात खेळ लोकांच्या हाती गेला. पहिल्याच दिवशी चिलोए बेटावरून तक्रारींचा पाऊस पडला. नवव्या मजल्यावरची फळी कुठं गेली, कुणी चोरली, मुख्य भूमीवरच्यांचं कारस्थान आहे. सगळ्यात वर बाल्दोविनोचं नाव होतं, सगळं माहीत असूनही. निबाल्दोनं यास्नाला विचारलं, उत्तर काय द्यायचं? ती म्हणाली, मी देते.

तिनं लिहिलं: "ती फळी खेळात कधीच नव्हती. माझा भाऊ दानिलो ओयार्सून यानं ती आपल्यासाठी टाकली होती, आपण लहान होतो म्हणून. आता उडी मारा."