इंदूबाईंची राहून गेलेली तारीख

मित्रांनो, मी राळेगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेचा जुना फळा आहे. वर्गातला मोठा फळा नव्हे. मी व्हरांड्यातला, तीन फूट बाय दोन फूट, सागाच्या चौकटीतला. माझ्या माथ्यावर पांढऱ्या रंगाने 'आजचा दिनविशेष' असे लिहिलेले आहे.

शाम मिस्त्रींनी मला घडवले, त्याला चौतीस वर्षे झाली. तेव्हा दर दिवाळीनंतर मुले कोळशाची पूड पाल्याच्या रसात कालवून माझ्यावर घासत. मग मी इतका काळा होई, की खडूची बारीक रेघही फाटकापासून दिसे. शाळेत आलेले पाहुणे आधी माझ्यासमोर थांबत. पुढे वर्गात टीव्ही आला आणि माझ्याकडे कोणी फिरकेना. दोन वर्षे माझ्यावर एकच सुविचार होता, तोही अर्धा पुसलेला.

शीला मॅडम बदलून आल्या आणि मला पुन्हा काम मिळाले. ज्या दिवशी एखाद्या देशाचा राष्ट्रीय दिवस असे, त्या दिवशी त्या माझ्यावर देशाचे नाव लिहीत आणि खाली कारणही लिहीत. फ्रान्समध्ये लोकांनी एक तुरुंग फोडला, तो दिवस. नेदरलँड्समध्ये राणीचा वाढदिवस थंडीत यायचा, म्हणून तिच्या आईच्याच वाढदिवशी अनेक वर्षे मिरवणुका निघत. आपली राज्यघटना तर नोव्हेंबरमध्येच स्वीकारली गेली होती, पण ती पूर्णपणे लागू करायला सव्वीस जानेवारीची वाट पाहिली, कारण त्याआधी वीस वर्षे त्याच तारखेला लोकांनी पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती. 'तारीख सापडत नसते, निवडावी लागते,' असे मॅडम म्हणत.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या इंदूबाई रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसत. नवीन मजकूर आला की अक्षर अक्षर लावून वाचत. जुलैच्या पहिल्या तारखेला त्यांनी वाचले, "कॅनडा," आणि त्या हसल्या.

"माया आधार कार्डावर बी हेच तारीख हाय."

तिसरीतला गोपाल ओरडला, "मावशी, तुम्ही अन् कॅनडा एकाच दिवशी!"

"एक जुलै तं अर्ध्या गावाची हाय रे. शाळेत नाव टाकतानी गुरुजीनं सगळ्याइले तेच लिवून देल्ली. कॅनडाची बी त्याइनंच लिवली असन!"

सगळे हसले. खुशी मात्र हसली नाही. ती तिसरीतलीच, फार प्रश्न विचारणारी. "मंग तुमची खरी तारीख कोन्ती, मावशी?"

"मले काय मालूम? सीतादहीच्या दिवशी झाली, असं माय सांगे."

सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात दहीभात शिंपडतात तो दिवस. प्रत्येकाच्या शेतात तो वेगळा, आणि दर वर्षी वेगळा. खुशीने गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहिले. पण साठ वर्षांपूर्वीची वेचणी कोणाला आठवणार? शेवटी ती मॅडमना म्हणाली, "देश निवडते, तं आपण मावशीसाठी काहून नाई निवडायची?"

त्या वर्षी पटावर अकरा मुले होती आणि मते अकरा झाली. गोपालला दसरा हवा होता. सुरभीला शाळेत पहिल्यांदा खिचडी शिजली तो दिवस. खुशीला वादळाने टिनाचे छप्पर उडाले तो दिवस हवा होता, कारण त्या दिवशी इंदूबाईंनी पहिलीच्या पोरांना चुलीमागे ओढून वाचवले होते. इंदूबाई म्हणायच्या, "मले काय देश समजता काय रे, पोट्टेहो? जेवा गुपचूप." पण शाळा सुटली की त्या माझ्यासमोर उभ्या राहत. माझा उजवा कोपरा दोनदा पुसत आणि हळूच म्हणत, "कोन्ती ठरोते, कोन जाने." हे फक्त मी ऐकले आहे.

दर शनिवारी मते पडली, दर शनिवारी भांडण झाले. एप्रिल संपला.

सुट्टीत येणारे दिवस माझ्यावर लिहायचे राहून जातात, म्हणून शेवटच्या दिवशी मॅडमनी ते बारीक अक्षरात लिहून ठेवले. शेवटची ओळ होती: 'दहा जून, पोर्तुगाल. एका कवीच्या मृत्यूचा दिवस. त्याच्या जन्माची तारीख कोणालाच माहीत नाही.'

"जिता होता तवा कोनी इचारलं नसन काय त्याले?" खुशीने विचारले.

"राहून गेलं असेल," मॅडम म्हणाल्या. "आणि मावशींची तारीख आपण सुट्टीनंतर नक्की ठरवू."

उजवा कोपरा त्यांनी कोरा सोडला. इंदूबाईंनी त्या दिवशी मला पुसले नाही.

मे महिन्याच्या एकोणीस तारखेला इंदूबाई गेल्या. ऊन लागले होते. मला हे शाळा उघडल्यावर मुलांच्या बोलण्यातून कळले. त्या सकाळी मला पुसायला कोणीच आले नाही. पोर्तुगालची ओळ तशीच होती, थोडी धुळीखाली.

मुले माझ्यासमोर गोळा झाली. गोपाल खाली मान घालून म्हणाला, "आपण बी पोर्तुगालसारखं करू. एकोणीस मे."

खुशीने ती ओळ पुन्हा वाचली. "त्याइले तारीख मालूमच नोव्हती, गोप्या. आपल्याले तं निवडाची होती. मावशी इथंच तं होती."

मॅडमच्या हातातला खडू मोडला. खुशीने त्याचा तुकडा उचलला, उजव्या कोपऱ्यात 'इंदूबाई' लिहिले आणि पुढे काहीच लिहिले नाही. त्या जागेला अजून कोणी हात लावत नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. चौकटीला वाळवी लागली आहे. जमले तर मला एकदा कोळसा आणि पाला लावा. पण त्याआधी घरी जा. तुमच्या घरातही कोणाच्या तरी कागदावर एक जुलै असेल. त्यांना विचारा. तारीख सापडली नाही, तर त्यांच्यासमोर बसून एखादी निवडा. चुकीची निघाली तरी चालेल. फक्त सुट्टीनंतर ठरवू, असे म्हणू नका.