सातव्या खांबावरच्या खुणा

माझा स्वभाव तापट, हे घरीदारी सगळ्यांना माहीत आहे. त्यातून कॉम्प्युटरवरचं काम असलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. इथे तर स्वतःच्याच बापाचं ऐकलं नाही.

बाबांनी बत्तीस वर्षं पुलांच्या तपासणीत घालवली. कमरेला दोर बांधून खांबावर उतरायचे, हातात टॉर्च, खिशात खुणा करायला लाल रंगाची डबी. ते निवृत्त झाले त्याला पाच वर्षं झाली. आता ड्रोन फोटो काढतो आणि ते फोटो मी तपासते. "नदीवरच्या पुलाच्या सातव्या खांबाला चीर आहे," हे बाबांचं पालुपद. "वाढतेय ती. तिच्या टोकाशी दर वेळी मी लाल खुणा करून ठेवल्यात."

मागच्या महिन्यात वैतागून मी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात आदळला. "हा घ्या तुमचा सातवा खांब. दाखवा, कुठंय चीर?"

त्यांनी चष्मा लावला. काढला, पुसला, पुन्हा लावला. खांबावर चार तांबूस ठिपके तेवढे दिसत होते.

"गंज आहे तो, बाबा. खुणाबिणा काही नाहीत. वयोमानाने होतं असं."

"नसेल मग," ते म्हणाले.

त्या दिवसापासून माणूस खचलाच. गॅस बंद केला का, आपलं जेवण झालं का, साध्या साध्या गोष्टी आईला विचारायला लागले. एक दिवस कपाटाची किल्लीही तिच्या हातात दिली. "तूच ठेव. माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही." मी ऐकलं. खरं सांगते, मला वाटलं, चला, एकदाची कटकट मिटली.

काल दुपारी साहेबांचा फोन आला. "उद्यापासून पुलावर अवजड गाड्या सोडायच्यात. सातव्या खांबावरचा गंज तेवढा मोजून पाठव."

मोजायचं तर फोटो मूळ आकारात उघडायला हवा. आमचं सॉफ्टवेअर मोठा फोटो पडद्यावर मावावा म्हणून आपणहून लहान करतं. आठ हजार पिक्सेलची रुंदी दोन हजारांत बसवतं, मधलं बारीकसारीक गाळून टाकतं. तशी सूचनाही देतं बिचारं, की फोटो पंचवीस टक्के आकारात दाखवतोय. दर फोटोला तेच तेच, म्हणून वर्षापूर्वी मीच ती सूचना बंद करून टाकली होती.

शंभर टक्के केलं. फोटो पडद्यात मावेना, खांबाचा एक तुकडाच दिसायला लागला. सरकवत सरकवत खाली त्या ठिपक्यांपाशी आले.

गंज नव्हताच. लाल रंगाची आडवी रेघ होती आणि शेजारी तारीख. खाली आणखी एक. अशा चार रेघा, चार तारखा, त्यांत बाबांचा तो लांब शेपटीचा सात. चारही रेघांमधून केसाएवढी चीर खाली उतरली होती आणि शेवटच्या रेघेच्याही पुढे गेली होती.

लगेच फोन लावला. "साहेब, गाड्या सोडू नका. चीर आहे."

"तुझ्या अहवालात तर काहीच नाही!"

"चूक माझी आहे. आधी पूल बंद करा, मग मला काय बोलायचं ते बोला."

अर्ध्या तासात पूल बंद झाला. मी तडक घरी गेले. बाबा खिडकीशी बसले होते. लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडला. त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं, वरून खाली, अगदी सावकाश.

"त्या दिवशी नव्हती ना ही?"

"होती, बाबा. मीच फोटो लहान करून दाखवला तुम्हाला. तुमचं डोकं ठिकाणावर आहे हो. माझंच नव्हतं." मी रडत होते, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"शेवटच्या खुणेच्या पुढे किती गेलीय?"

"वीतभर."

"पाच वर्षांत वीतभर," ते पुटपुटले. मग उठले, स्वयंपाकघरात गेले आणि आईपुढे हात पसरला.

"किल्ली दे माझी. लाल डबी कपाटात आहे. आजची तारीख घालायला हवी."