डावी भिंत, तिसरा कप्पा

ऑक्टोबरच्या सुट्टीत मी माझ्या सासऱ्यांचं तळघर आवरलं. आमच्या गावात हे वाक्य अजून कुणी मोठ्या आवाजात म्हणत नाही. मागे एका पाद्रीबुवांनी बेकरीवाल्याची बायको पळवली होती, ती हकीकत लोक पोरासोरांसमोर खुशाल सांगतात. माझी निघाली की आधी खिडकी लावून घेतात.

माझी बाजू एवढीच, की सासरे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे हॉस्पिटलात होते आणि माझी बायको ओदील म्हणाली, "फिरमाँ, तळघराच्या पायऱ्या निसरड्या झाल्यात. बाबा परत पडतील. काहीतरी कर." अकरा वर्षांपूर्वी ते तिथेच पडले होते, डोक्याला मागे सात टाके. मी 'काहीतरी' हा शब्द जरा सढळपणे घेतला. मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यात मी नॉर्मंडीचा. आमच्याकडे सफरचंदाची दारू पुढच्या हंगामाच्या आत संपते. वीस-वीस वर्षं जपून ठेवायची ती फक्त भावकीतली भांडणं.

तळघरात सहाशे बाटल्या होत्या. माझे सासरे ऑन्सेल्म दर वर्षी चुलतभावाकडून वाइनचं एक लहान पिंप घेत आणि घरी बाटल्यांत भरत. कोरी बुचं. लेबल नाही. "लेबल विकायच्या मालाला," ते म्हणत. "घरच्या पोरांना कुणी बिल्ले लावतं का?" बाटल्या भिंतीतल्या कप्प्यांत आडव्या निजलेल्या, अंगावर बोटभर बुरशी, आणि प्रत्येक कप्प्यावर एक दगडी पाटी. पाटीवर कधीकाळी खडूने काही लिहिलेलं असावं; ओलीने त्याचे ढग झाले होते.

मी बाटल्या धुतल्या. पाट्या धुतल्या आणि कोऱ्या करून पुन्हा टांगल्या, पुढे उपयोगी पडतील म्हणून. मग प्रश्न आला, लावायच्या कशा? सगळ्या बाटल्या दिसायला सारख्या. तेव्हा मी एकेक उभी धरून वाइन गळ्यापासून किती खाली उतरली आहे ते मोजलं आणि त्या क्रमाने लावल्या. भरलेल्या दाराजवळ, उतरत्या क्रमाने आतपर्यंत. नकाशावर डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात ना, तसं दिसत होतं. चार दिवस लागले. शेवटी पहिल्या पायरीला एक निळी फीत बांधली. सासऱ्यांना रविवारी जेवणानंतर हाताला धरून खाली न्यायचं आणि चकित करायचं, असा बेत होता.

त्याच रविवारी व्याही जेवायला येणार होते.

आमच्या लेकीचं, क्लेमाँसचं लग्न ठरलं होतं, लोइक नावाच्या एका अबोल मुलाशी. लोइकचे वडील, मस्यू बोनार्दो, वाइनचे दलाल. मळेवाले आणि व्यापारी यांच्यामध्ये उभं राहून नुसत्या हुंगण्यावर माल पास किंवा नापास करायचा, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. दिवसाला चाळीस वाइन्स. आता इथल्या गावची रीत अशी, की घरात मूल जन्मलं की त्या वर्षीचं अख्खं पिंप त्याच्या नावाने निजवायचं. मुलाचं लग्न ठरेल त्या दिवशी घरच्या टेबलावर, व्याह्यांच्या देखत, त्यातली पहिली बाटली फोडायची. घरातल्या थोरल्याने ओतायची, थोरल्याने हुंगायची, एक घोट घ्यायचा, आणि थोरल्याने बोलायचं. तोवर कुणी पेला उचलत नाही. क्लेमाँसच्या वर्षीची बुचं माझ्या सासूबाईंनी, मार्तनी, स्वतःच्या हाताने ठोकली होती. त्यांना जाऊनही आता अठरा वर्षं झाली. म्हणजे त्या दुपारी सासऱ्यांना एकच गोष्ट साधायची होती. नाकावर जगणाऱ्या माणसासमोर पेला हुंगून 'हे माझ्या नातीचं वर्ष' म्हणायचं, आणि ते तसं असायला हवं होतं.

ते साधेल याबद्दल पंचक्रोशीत कुणाला शंका नव्हती. सासरे अडतीस वर्षं पोस्टात पत्रांची विभागणी करत होते, पण गावात नाव होतं ते त्यांच्या नाकाचं. दर रविवारी ते स्वतः खाली उतरत, बाटली आणत, ओतत. आम्ही अंदाज करायचा, त्यांनी आम्हाला हसायचं. मग सगळ्यांच्या शेवटी एक घोट घेऊन ते वर्ष सांगत, गारा कोणत्या आठवड्यात पडल्या ते सांगत, आणि त्या वर्षी शिडीवरून कोण पडलं तेही. एकदाही चुकले नाहीत. गेली कित्येक वर्षं ते दुसऱ्याच्या घरी मात्र पीत नसत. "लोकांची वाइन प्यायली की नाक बिघडतं," म्हणत. थोर माणसांच्या लहरी म्हणून गावाने ते पोटात घातलं होतं.

त्या सकाळी ओदीलने जेवणानंतरचं उग्र वासाचं एप्वास चीज मऊ व्हावं म्हणून रेडिएटरवर ठेवलं आणि विसरली. तासाभराने घरात थांबवेना. कुत्री अंगणात निघून गेली. सासरे मात्र रेडिएटरला पाठ लावून पेपर वाचत होते. "बाबांचा पाहा कसा संयम," ओदील म्हणाली.

व्याही आले. लाल वाइनच्या रश्शातली अंडी झाली, गुडघ्याची चौकशी झाली. कोंबड्याचं पातेलं टेबलावर आलं तसे सासरे माझ्याकडे वळले.

"जावईबापू, खाली जा. डॉक्टरने मला जिना बंद केलाय."

बावीस वर्षांत त्यांनी मला बाटली आणायला कधी पाठवलं नव्हतं. आणि हा दिवस कधी तरी येणार, हा साधा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

"डावी भिंत," ते सांगू लागले. "दिव्यापासून तिसरा कप्पा. खालून दुसरी ओळ. आडवीच आणा. तुमच्या सफरचंदाच्या पाण्यासारखी खळखळवू नका, तिला झोपेतून उठवायचं नाहीये."

"बाबा, त्यापेक्षा जेवण झाल्यावर—"

"व्याही काय कोरडा कोंबडा खाणार?"

मी उतरलो. निळी फीत ओलांडली. डाव्या भिंतीला तिसरा कप्पा होता, खालून दुसरी ओळही होती, आणि तिच्यात गळ्यापासून दोन बोटं खाली उतरलेल्या, आरशासारख्या लख्ख बाटल्या होत्या. कोणत्या वर्षाच्या ते देव जाणे. वर कोरी पाटी. पोस्टातला माणूस पत्ता लिहीत नाही, तो खण लक्षात ठेवतो, हे तिथे उभं राहिल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी सहाशे पत्रं एकत्र करून जाडीप्रमाणे लावून ठेवली होती.

पण एक आधार होता. नाक! सासरे हुंगतील, म्हणतील, "गाढवा, ही नव्हे." चार शिव्या देतील, मी आणखी बाटल्या आणीन, आणि त्या नाकापुढे माझा गोंधळ दहा मिनिटांत सरळ होईल. मी हाताला आली ती बाटली आडवी धरून वर आणली.

"तिसरा कप्पा?" त्यांनी विचारलं.

"हं," मी म्हणालो.

बूच निघालं. सासऱ्यांनी ओतली, पेला फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. मग मोठा घोट घेतला.

"क्लेमाँसचं वर्ष," ते म्हणाले. "पिकलेली चेरी. मागून ओलं शेवाळ. त्या सप्टेंबरात मार्त बाळाला टोपलीत घालून द्राक्षं तोडायला आली होती. घ्या व्याही, घ्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सहाशेमधून नेमकी तीच! देवाला माझी दया आली होती. मी पेला उचलून नाकाशी नेला.

ओला कुत्रा. पावसात भिजून आलेला आणि कोठारातल्या जुन्या पुठ्ठ्यावर निजलेला.

खराब बुचाचा वास तो. बुचात बुरशी शिरली की वाइन जिभेला ठीकठाक लागते, नाकाला मात्र हा कुत्रा भेटतो. या गावात मूल हे आधी शिकतं, मग बोलायला. मला जावई झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. अशी वाइन थेट मोरीत ओततात.

मी पेला खाली ठेवला. ओदील आपल्या पेल्यात माशी पडल्यासारखी बघत होती. क्लेमाँस लोइककडे बघत होती आणि लोइक छताकडे. मग मी मस्यू बोनार्दोंकडे पाहिलं. त्यांच्या नाकपुड्या एकदाच हलल्या आणि दार लावावं तशा मिटल्या. क्षणभर त्यांनी सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पेला पुन्हा उचलला. प्यायले. गिळले.

"चेरी," ते म्हणाले. "आहे बुवा. शेवाळही."

ज्या नाकावर त्या माणसाच्या घरची चूल पेटते, त्या नाकाने माझ्यासमोर खोटी साक्ष दिली होती.

आणि सासरे आमच्या तोंडांकडे बघू लागले. एकेक चेहरा, सावकाश, पाकिटावरचा पत्ता वाचावा तसा. तेव्हा मला कळलं, की ते रविवारी शेवटी का पितात. ते आमच्या चेहऱ्यांवरून वाइन वाचत होते. खण पाठ, आमची तोंडं समोर, बाकीच्या गारा आणि शिड्या आठवणीतून. आज थोरल्याने आधी बोलायची रीत आडवी आली होती. पायरीवर आपटलेलं डोकं, सात टाके, त्यानंतर दुसऱ्यांची वाइन बंद, रेडिएटरवरचं चीज. त्यांचं नाक अकरा वर्षांपूर्वीच गेलं होतं आणि ही गोष्ट त्यांनी पोटच्या पोरीलाही सांगितली नव्हती.

"जावईबापू," ते म्हणाले. आवाज एवढासा. "कुठून काढलीत?"

मी पुन्हा 'तिसरा कप्पा' म्हणालो असतो, तर मी सुटलो असतो आणि ते व्याह्यांसमोर उघडे पडले असते.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी तळघर आवरलं."

ओदीलने काटा खाली ठेवला. "आवरलं म्हणजे?"

"धुतलं."

"काय धुतलं?"

"बाटल्या."

"पाट्या तरी ठेवल्यास ना?"

"धुवून ठेवल्या."

"आणि बाटल्या?" क्लेमाँसने विचारलं. "बाबा, बाटल्या कशा लावल्यास?"

"पातळीप्रमाणे."

मस्यू बोनार्दोंनी छातीवर क्रूस काढला. लोइक त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलला, "अरे देवा!" आणि सासरे एका पायावर उभे राहिले.

"तू!" ते ओरडले. बावीस वर्षं ते मला टोमण्यातही 'तुम्ही' म्हणत आले होते. "तू सांगितलंस तिसरा कप्पा, म्हणून बोललो मी! तुझ्या भरवशावर! व्याही, अहो, मी अजून घोटसुद्धा घेतला नव्हता!"

त्यांचा पेला समोरच होता, अर्धा रिकामा. मस्यू बोनार्दोंनी पावाची टोपली सरकवून त्याच्या पुढ्यात ठेवली.

"न पिता कोण काय सांगणार," ते म्हणाले. "मीही आपला मान राखायचा म्हणून चेरी म्हटलं. वाइन खराब आहे."

मग पाव तास मला शिव्या झाल्या. माझ्या प्रांताला झाल्या, सफरचंदांना झाल्या, भूगोलाला झाल्या. ओदीलही त्यात होती, आणि मनापासून होती. त्या गदारोळात खरा प्रश्न कुणी विचारला नाही.

"चल खाली," शेवटी सासरे म्हणाले. "निस्तर."

माझ्या खांद्यावर भार टाकून ते उतरले. शेवटच्या पायरीजवळच्या उलट्या पिंपावर बसले. झरोक्यातून दुपारचं ऊन येत होतं, बाटल्या चमकत होत्या.

"स्वच्छ आहे," प्रेताला आंघोळ घातल्यावर म्हणावं तसं ते म्हणाले. मग, "कसला वास होता?"

"ओला कुत्रा."

"मोठा?"

"शिकारी जातीचा."

त्यांनी मान डोलावली. "ओदीलला सांगू नकोस. उघड एकेक. हुंग आणि खरं ते सांग. कवितेत शिरू नकोस."

पहिली उघडली. "द्राक्षं," मी म्हणालो.

"शाबास. पुढची."

दुसरीला लोखंडी कुंपणाचा वास होता. तिसरीला आमच्या शाळेच्या जिमखान्याचा, त्यावर ते म्हणाले, "ती गारांची, ठेव." पाचवी मी दोनदा हुंगली.

"पेन्सिल," मी म्हणालो. "म्हणजे टोक केल्यावर शार्पनरमध्ये राहतं ना, ते. आणि मागच्या बाकावर कुणीतरी संत्रं सोलतंय."

ते पुढे वाकले. "परत हुंग."

"पेन्सिलच, बाबा."

"पिंपातूनच मार्तला तो वास आला होता," ते म्हणाले. "म्हणाली, पोरगी शिकणार बघ." त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, नाक तिच्या तोंडाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं. काय आलं त्यांना, कोण जाणे. बहुधा काहीच नाही. सासूबाई खरंच तसं म्हणाल्या होत्या, की ते वाक्य पिंपावर बसून तयार झालं, हेही मला सांगता यायचं नाही. बुचावर काही लिहिलेलं नव्हतं.

वर आल्यावर त्यांनी नव्याने ओतली, हुंगली, घोट घेतला. "पेन्सिल," ते क्लेमाँसला म्हणाले. "आणि संत्र्याची साल. ही तुझी." क्लेमाँसने पेला नाकाशी नेला आणि आजोबांच्या गळ्यात पडली. मस्यू बोनार्दोंनी या वेळी नाकपुड्या मिटल्या नाहीत. पेला रिकामा केला आणि पुढे धरला.

निघताना मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात आमच्याकडे या. सासऱ्यांनाही आणा."

"ते कुणाकडे पीत नाहीत."

"आणा तुम्ही. त्यांच्या डाव्या बाजूला तुम्ही बसा," त्यांनी टोपी डोक्यावर बसवली, "उजव्या बाजूला मी बसतो."